भरलेलं पेव

"चार बादल्या ओतल्या, पाणी गेलं कुठं?" हौसाबाईनं खड्ड्यात वाकून विचारलं.

गुरुवारची सकाळ होती. सहा नंबरच्या घरामागं न्हाणीच्या पाण्यासाठी शोषखड्डा खणून झाला होता. तळाला दगडगोटे टाकले होते आणि खड्डा पाणी पितो का ते बघायला मी बादल्या ओतायला लावल्या होत्या. बाकीच्या दहा घरांमागं हेच केलं तेव्हा पाणी दुपारपर्यंत हललं नव्हतं. काळी माती ती, सुखासुखी पाणी सोडतेय कुठली. इथं मात्र चौथी बादली ओतून हौसाबाई कंबर सरळ करते न करते तोच खड्डा कोरडा झाला होता.

बायका हरखल्या. सहा नंबर ज्याला मिळेल त्याच्या परसात ना चिखल, ना डास, असं सगळ्या बोलायला लागल्या. हौसाबाईनं तर तिथल्या तिथं आपल्या देवीला नवस बोलला की हेच घर पदरात पडू दे. मीही हसले. म्हटलं, चला, एक तरी काम मनासारखं झालं.

त्या गेल्या आणि मी खड्ड्याच्या काठावर पट्टी घेऊन माप घ्यायला बसले, तेव्हा वास आला. आधी वाटलं आपल्याच हाताला येतोय, सकाळी भाजी फोडणीला टाकली होती. हात हुंगून बघितला. हाताचा नव्हता. खालून, दगडांच्या फटीतून, जुन्या आंबलेल्या हळदीचा वास येत होता.

मी दुर्कस. मूळची मिरजेची. जिथं ही घरं बांधत होतो त्या गावातल्या लोकांना ते नाव जड जायचं, म्हणून कुणी दुरकुसबाई म्हणे, कुणी थेट दुर्गाबाई. मी दोन्हीला ओ द्यायची. कृष्णेच्या महापुरात त्या गावची नदीकाठची वस्ती धुऊन गेली, तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीनं तिथल्या अकरा कुटुंबांना घरं बांधून द्यायचं मनावर घेतलं. ख्रिस्ती कोण, हिंदू कोण, हे बघायचं नाही, ज्याचं गेलंय त्याला द्यायचं, असं भंडारे पाळकसाहेबांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. ते या कामाचे प्रमुख आणि मी जागेवरची देखरेख करणारी. ओळंबा कसा धरायचा इथपासून मी त्या कामात शिकले आणि शिकल्यावर सगळ्यांना शिकवायला लागले. माझा स्वभावच तसा.

कामाची पद्धत पाळकसाहेबांची. अकराही कुटुंबांनी अकराही घरांवर राबायचं आणि कुठलं घर कुणाचं ते शेवटच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. आपलं कुठलं हेच ठाऊक नसलं की माणूस दुसऱ्याची भिंतसुद्धा आपली समजून उचलतो, असं ते म्हणायचे. खरंच होतं ते. दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहून त्या बायकांनी विटा वाहिल्या, पण कुठल्याही भिंतीत कुणी कमी माल घातला नाही.

माझी धाकटी बहीण राहेल त्या अकरांत होती. नवरा आधीच वारलेला, दोन मुली आणि म्हातारी सासू, आणि नदीकाठचं खोपट पुरात गेलेलं. तिचं नाव यादीत घेताना मी बैठकीतून उठून बाहेर जाऊन बसले होते. तरी लोक काय बोलायचं ते बोललेच.

आता पेवाचं सांगते. जमीन दिली होती हळदीच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या घराण्यानं. त्या माळावर पूर्वी त्यांची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. तोंड घागरीसारखं अरुंद, माणूस जेमतेम उतरेल इतकं, आणि खाली पोट एखाद्या खोलीएवढं, तीन पुरुष खोल. आत हळद ओतायची, तोंडावर फरशी ठेवायची, शेणमातीनं लिंपून वर माती लोटायची. वर्षानुवर्षं माल राहायचा. महापुरात चार पेवांची तोंडं खचली. ती आम्ही स्वतः दगडमातीनं बुजवली होती. काम सुरू करायच्या आधी मी केराप्पाआबांना विचारलं होतं की आणखी कुठं पेव आहे का. आबांचं उभं आयुष्य त्या पेवांवर हमाली करण्यात गेलेलं. ते म्हणाले, हाय की एक त्या अंगाला, पर ते भरल्यालं हाय. मी निश्चिंत झाले आणि त्या अंगाला सहा नंबरची आखणी केली.

वास आल्याबरोबर मी पट्टी तिथंच टाकून आबांकडं गेले. ते मारुतीच्या पारावर पाय सोडून बसले होते. मी विचारलं, पाचवं पेव भरलेलं आहे असं तुम्हीच म्हणाला होतात ना. ते म्हणाले, आहेच भरलेलं, मीच भरलंय, थोरल्या शेठजींच्या वेळेला. मग थोरले शेठजी वारले, भावाभावांत तंटा लागला, कोर्टानं कुणालाच ते उघडू दिलं नाही. माल तसाच राहिला.

"म्हणजे मातीनं भरलेलं नाही?" मी विचारलं.

आबांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"मातीनं भरल्यालं म्हंजी बुजिवल्यालं, बाई. भरल्यालं म्हंजी मालानं भरल्यालं. पेवावरची मानसं आसंच बोलत्यात. मी बुजिवल्यालं कवा म्हनलं?"

नव्हतेच म्हणाले. मी मिरजेची शहाणी, माझ्या मनानंच अर्थ लावून मोकळी झाले होते. एवढं मोठं घर मी एका शब्दावर उभं केलं होतं.

पुढचं आबांनीच सांगितलं. पुराचं पाणी आत शिरलं असणार, हळद कुजून खाली बसली असणार, वर सगळं पोकळ. तोंड परसात असलं तरी पोट स्वयंपाकघराखाली आलेलं असणार. किती दिवस तगेल, असं विचारलं तर म्हणाले, एखादा पाऊस निभंल, दोन निभतील, सांगाय येत न्हाई. मग विचारलं, कुनाचं घर हाय त्ये.

अजून कुणाचंच नाही, मी म्हटलं. आणि हात जोडून सांगितलं की रविवारपर्यंत कुणाजवळ बोलू नका.

"मी कशाला बोलू? मी तर दोन वर्सामागंच सांगितलं हुतं," आबा म्हणाले.

रविवारपर्यंत का, तेही सांगायला हवं. दानपत्रात अट होती. दोन वर्षांत अकरा घरं बांधून अकरा कुटुंबांना ताबा द्यायचा, नाहीतर जमीन परत. दान देणारे नंतरचे शेठजीही वारले होते आणि माळाशेजारून आता रस्ता निघाला होता, त्यामुळं वारसांनी त्या अटीवर बोट ठेवलं होतं. मुदत मंगळवारी संपत होती. रविवारी उपासना, चिठ्ठ्या, किल्ल्या, आणि शेठजींचे पुतणे ताब्याच्या कागदावर सही करणार. एक घर गळलं की अकरा गेली.

पाळकसाहेबांना सांगायला हवं होतं. शुक्रवारी मी त्यांच्या दारापर्यंत गेलेही. ते खिडकीशी बसून रविवारचा उपदेश लिहीत होते. मला बघून म्हणाले, "या दुर्कसबाई, काही राहिलंय का?" मला पक्कं ठाऊक होतं, यांना सांगितलं तर हे लेखणी खाली ठेवून त्याच पावली काम थांबवतील. जमीन जाऊ दे म्हणतील. तो माणूसच तसा होता. म्हणून तर मी सांगितलं नाही. म्हटलं, नाही साहेब, सलाम करायला आले होते.

मनाची समजूत घालायला मी पुष्कळ युक्त्या काढल्या. ताबा होऊ दे, सही होऊ दे, मग पावसाळ्याआधी काहीतरी निमित्त काढू, फरशी उखडू, पेव बुजवू. मृगाला अजून दीड महिना आहे. दीड महिन्यात काय होतंय. असं दिवसातून दहादा स्वतःला सांगायची आणि अकराव्यांदा उठून सहा नंबरात जायची. स्वयंपाकघराच्या फरशीवर टाच आपटून बघायची. कधी वाटायचं आवाज भरीव आहे. कधी वाटायचं ढोलकीवर थाप पडतेय. दुपारी हौसाबाई आत शिरून चुलीची जागा बघत उभी राहिली, तर मी तिच्यावर खेकसले, लादी ओली आहे, बाहेर हो. लादी आठ दिवसांपूर्वीच वाळली होती. ती बिचारी निघून गेली.

आणि या सगळ्याच्या तळाशी एकच गोष्ट होती, जिच्याकडं मी बघायची टाळत होते. अकरांतली एक चिठ्ठी राहेलची. तिच्या दोन मुली रात्री त्या स्वयंपाकघरात पथारी टाकणार.

चिठ्ठ्या लिहायचं काम माझं होतं, कारण अक्षर बरं. शनिवारी सकाळी मी वहीच्या कागदाचे दहा तुकडे केले, दहा आकडे लिहिले, घड्या घातल्या. सहा नंबरसाठी मी कॅलेंडरचं पान फाडलं. जाड, गुळगुळीत. घडी तेवढीच घातली. वरून बघणाऱ्याला फरक कळला नसता, पण हाताला कळला असता, कारण चिठ्ठ्या दानाच्या थैलीतून काढायच्या होत्या. थैलीत डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच दिसतं.

राहेल चार नंबरच्या ओट्याला चुना मारत होती. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि इकडंतिकडं बघून सांगितलं, "उद्या थैलीत हात घालशील तेव्हा एक चिठ्ठी जाड लागेल. ती घेऊ नको. सोडून दे."

तिचा हात थांबला. "का?"

"विचारू नको."

"कितवं घर आहे ते?"

"विचारू नको म्हटलं ना एकदा."

ती ब्रश बादलीत बुडवून पुन्हा भिंतीवर फिरवायला लागली. राहेल लहानपणापासून कमी बोलणारी. आई म्हणायची, मोठीचं तोंड दोघींच्या वाटणीचं आहे. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, मग ती चिठ्ठी कुणाला लागेल. मी म्हटलं, लागेल कुणाला तरी, तुला काय करायचंय.

"बरं," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. राहेल बरं म्हणाली की विषय संपला, असं मी चाळीस वर्षं समजत आले होते.

रविवारी माळावर मांडव घातला होता. ऊन रणरणत होतं. पुढच्या खुर्चीत शेठजींचे पुतणे, मांडीवर कागदांची पिशवी. पाळकसाहेबांनी उपदेशाला खडकावरच्या घराचा दाखला घेतला. दुसरं काय घेणार म्हणा. खोल खणून पाया घालणारा माणूस आणि वाळूवर बांधणारा माणूस. ते दर दोन वाक्यांनी माझ्याकडं बघून हसत होते, कारण पाया मी घातला होता. मी पदरानं तोंडावरचा घाम पुसत होते आणि तो पुसला जात नव्हता.

मग चिठ्ठ्या. वयानं मोठी बाई आधी, असा क्रम ठरला होता. थैली धरायला मीच उभी होते. पहिल्या म्हातारीनं हात घातला, माझी नजर तिच्या बोटांवर. वहीचा कागद. दोन नंबर. टाळ्या झाल्या. दुसरीला नऊ. मी श्वास सोडला. तिसरी हौसाबाई. तिनं आधी थैलीला हात लावून कपाळाला लावला, मग डोळे मिटून आत घातला. तिची बोटं जाड कागदावर गेली असं मला वाटलं. मी थैली किंचित हलवली. देवाशपथ सांगते, हे मी केलं, आणि का केलं ते मला तेव्हा समजलं नाही. तिला अकरा नंबर आला. तिचा चेहरा पडला, पण ती हसून बाजूला झाली.

चौथी राहेल.

तिनं हात आत घातला आणि तो बाहेर येईना. आत बोटं फिरत होती, मला थैलीच्या कापडातून जाणवत होती. मी मनात म्हणत होते, बाई, जी पातळ लागेल ती घे, सात पडल्यात तशा, घे एखादी. मागून कुणी तरी म्हणालं, राहेल, चिठ्ठी काढतेस का भात शिजवतेस. लोक हसले. तिनं हात बाहेर काढला. बोटांत कॅलेंडरचा गुळगुळीत कागद.

पाळकसाहेबांनी उघडून वाचलं, "सहा."

मांडवात एकदम आनंद झाला. डबकं न साचणारं घर. हौसाबाईनं राहेलच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मुली उड्या मारायला लागल्या. मला पहिला विचार आला तो चुन्याचा. दोन दिवस चुना मारून तिची बोटं फुटलेली, तिला जाड-पातळ कळलं नसेल. मग वाटलं, माझंच चुकलं, धाग्यानं बांधायला हवी होती.

रीत अशी ठरली होती की चिठ्ठी निघाली की त्याच बाईनं किल्ली घेऊन आपलं दार उघडायचं, भरलेली घागर आत ठेवायची, आणि पाळकसाहेबांनी उंबऱ्यावर प्रार्थना करायची. आधीच्या तिघींचं तसंच झालं होतं. राहेलच्या थोरल्या मुलीनं घागर डोक्यावर घेतली. पाळकसाहेब पुढं, मागं राहेल, मुली, सासू, आणि मागं सगळी वस्ती. चाळीस-पन्नास माणसं. सगळी त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात शिरणार, तीन वेळा शिरली होती तशीच. राहेल जाताना माझ्याजवळून गेली. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, भीतीनंही नाही. नुसतं बघितलं आणि पुढं गेली.

किल्ली कुलपात गेली तेव्हा मी ओरडले.

"थांबा. आत जाऊ नका कुणी."

सगळे वळले. मला बसायलाही काही नव्हतं. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. खाली पेव आहे, भरलेलं आहे, बुजवलेलं नाही, मला गुरुवारपासून ठाऊक आहे. आबांची भाषा मला कळली नाही, चूक माझी आहे. चिठ्ठीच्या जाड कागदाचं तेवढं सांगितलं नाही.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला आणि नुसता हातात धरून ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले. केराप्पाआबांना पारावरून आणलं. त्यांनी पहार मागितली, परसात चार ठिकाणी ठोकून बघितलं आणि पाचव्या ठिकाणी म्हणाले, हे त्याचं तोंड. दोघांनी माती ओढून फरशी सरकवली. असा वास सुटला की पुढची माणसं मागं सरली. आबांनी दोरीला पेटता कंदील बांधून आत सोडला. पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा, कंदील जगला तर माणूस जगतो, अशी त्यांची रीत. दोन हात दोरी गेली आणि कंदील विझला. दोरी मात्र जातच राहिली. दहा हात गेली. मुली मोजत होत्या मोठ्यानं, आणि नंतर मोजायच्या थांबल्या.

शेठजींचे पुतणे पिशवी काखेत मारून पुढं आले. आवाज न चढवता म्हणाले की पाळकसाहेब, वाईट वाटतं, पण मग दहाच घरं झाली. अट अकराची आहे. मला घरी विचारावं लागेल.

"किल्ली माझ्या हातात आहे," राहेल म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. इतक्या माणसांत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"कागदात ताबा लिहिलंय ना? राहायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय? घर माझं, किल्ली माझी. मी ताबा घेतला. मी राहायला कधी जायचं ते माझी मी बघीन. आणा तो कागद, अंगठा नाही, सही करते मी."

पुतणे थोडा वेळ कागद वाचत राहिले. मग हसले, आणि पेन काढून तिला दिलं. उरलेल्या सात चिठ्ठ्या निघाल्या, सात दारं उघडली. जमीन राहिली.

पेव बुजवायला तेवीस दिवस लागले. आठ दिवस तोंड उघडं टाकून वारं खेळवलं, मग अकराही घरची माणसं घमेली घेऊन लागली. सहा नंबरची मागची बाजू पाडली, पुन्हा उभी केली. राहेल पुढचा पावसाळा सासू आणि मुलींना घेऊन पत्र्याच्या शेडमध्येच राहिली. कुरकुर नाही केली.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. भंडारे साहेब गेले. दर वर्षी त्या रविवारी वस्तीत उपासना होते आणि नवे पाळकसाहेब मला व्यासपीठावर बोलावतात. सगळी जमीन हातची जात होती तरी दुर्कसबाई खरं बोलायला उभ्या राहिल्या, असं सांगतात. पोरंटोरं टाळ्या वाजवतात. हौसाबाई दर वेळी उठून माझ्या पाया पडायला येते, आणि मी तिला वरच्यावर धरते. राहेल पहिल्या रांगेत बसून मान खाली घालून गाणं म्हणते. ती कधी कुणाजवळ काही बोललेली नाही.

पण त्या रविवारची दुपार सांगायची राहिली. सगळे जेवायला मांडवात गेले होते. राहेल शेडमागच्या नळाशी हात धूत होती, चुन्यानं चिरलेली बोटं हळूहळू चोळत. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले.

"तुला हाताला लागली नाही का ती?" मी विचारलं. "जाड कागद होता, राहेल. मी तुला सांगितलं होतं."

"लागली की."

"मग इतका वेळ काय करत होतीस आत?"

"शोधत होते," ती म्हणाली. "तू थैली हलवलीस, म्हणून वेळ लागला."

नळ वाहत होता, तिनं तो बंद केला.

"माझ्या पोरी तिथं झोपणार म्हटल्यावर तू गप्प बसली नसतीस, अक्का. तेवढं मला ठाऊक होतं." तिनं पदराला हात पुसले. "हौसाबाईला लागली असती, तर बोलली असतीस?"

"बोलले असते," मी म्हटलं.

राहेलनं माझ्याकडं बघितलं, दाराशी बघितलं होतं तसंच.

"बरं," ती म्हणाली, आणि मुलींना जेवायला वाढायला गेली.